दिसले १०८, होते पाच हजार: याप बेटावरच्या तापाचा शोध

(या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

 

आज एका बेटाची गोष्ट आहे. तिथे आलेल्या तापाची, आणि तो ताप नेमका कसला हे शोधणाऱ्या लोकांची. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सिस्टीम बिघडली की लॉग उघडायचे आणि कुठे काय झालं ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे ही गोष्ट वाचताना मला सारखं वाटत होतं की अरे, ही माणसं आपल्यासारखंच काम करतायत. फरक इतकाच की त्यांच्यासमोर सर्व्हर नव्हते, तापाने फणफणलेली माणसं होती.

तर चला. साल २००७, बेट याप.

नकाशावर सापडायला अवघड

फोनवर मॅप उघडा. फिलिपिन्स शोधा आणि तिथून पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरात सरका. खूप झूम केलं की मायक्रोनेशिया नावाच्या देशातलं याप दिसेल. एकमेकांना चिकटल्यासारखी चार छोटी बेटं आहेत. काहींना हे नाव दगडाच्या पैशांमुळे माहीत असेल. माणसापेक्षा मोठी, मधे भोक असलेली दगडी चाकं तिथे पैसा म्हणून वापरत. ते हेच याप.

२००० सालच्या जनगणनेत इथली लोकसंख्या होती ७,३९१. आपल्याकडे एका मोठ्या टाउनशिपमध्ये एवढी माणसं राहतात. अख्ख्या बेटाला एक हॉस्पिटल आणि काही छोटी आरोग्य केंद्रं.

२००७ च्या एप्रिल-मे महिन्यात या हॉस्पिटलमध्ये एकसारखे पेशंट यायला लागले. अंगावर पुरळ, सांधे दुखतायत, डोळे लाल, थोडा ताप. डॉक्टरांना पहिला संशय आला डेंग्यूचा, आणि तो रास्तच होता. यापमध्ये डेंग्यूच्या साथी आधी येऊन गेल्या होत्या. टेस्ट किट लावलं, तर काही जणांची डेंग्यूची टेस्ट पॉझिटिव्ह आली.

आता इथे तुम्ही-मी काय केलं असतं? डेंग्यू लिहून टाकलं असतं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं असतं. खरं सांगतो, मी तरी तेच केलं असतं. टेस्टच पॉझिटिव्ह आहे म्हटल्यावर वाद कशाला?

पण तिथल्या डॉक्टरांना काहीतरी खटकलं. हा डेंग्यूसारखा वाटत नव्हता. ताप फार चढत नव्हता, माणसं लवकर बरी होत होती, आणि डोळे येण्याचं प्रमाण जास्त होतं. डेंग्यू बघितलेल्या माणसांना तो फरक कळला. मग त्यांनी रक्ताचे नमुने बेटाबाहेर पाठवले. ते पोचले अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, फोर्ट कॉलिन्सला. डासांमुळे पसरणाऱ्या विषाणूंवर काम करणारी सीडीसीची प्रयोगशाळा तिथे आहे.

तिथे ७१ पेशंटांचे नमुने तपासले. त्यातल्या १० मध्ये एका वेगळ्याच विषाणूचं आरएनए सापडलं. झिका.

दोन बग, एकच एरर मेसेज

झिका हे नाव आज आपल्याला ओळखीचं आहे. तेव्हा नव्हतं. १९४७ मध्ये युगांडातल्या झिका नावाच्या जंगलात, पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडाच्या रक्तात हा विषाणू पहिल्यांदा सापडला. पुढची साठ वर्षं तो जवळपास कुणाच्या खिजगणतीत नव्हता. माणसात झाल्याची खात्रीशीर नोंद जगभरात मिळून जेमतेम १४ जणांची. आफ्रिका आणि आशियाच्या बाहेर तो कधी दिसलेलाच नव्हता. आणि अचानक पॅसिफिकमधल्या बेटावर!

मग डेंग्यूची टेस्ट पॉझिटिव्ह का आली?

डेंग्यू आणि झिका हे एकाच कुटुंबातले विषाणू, चुलतभाऊच म्हणा. ती टेस्ट विषाणू शोधत नाही. विषाणूशी लढायला शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी शोधते. चुलतभावांचे चेहरे इतके सारखे की एकासाठी बनलेली अँटीबॉडी दुसऱ्याच्या टेस्टलाही चिकटते. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन वेगळे बग, पण स्क्रीनवर एरर मेसेज एकच. मेसेजवर विश्वास ठेवला की माणूस भलत्याच फाइलमध्ये दिवसभर शोधत बसतो.

याचा एक धागा आपल्या पुण्यालाही येऊन मिळतो. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं. आज त्यालाच आपण राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणजे एनआयव्ही म्हणतो. त्याच काळात भारतातल्या लोकांच्या रक्ताचे नमुने तपासले गेले होते आणि काही जणांच्या रक्तात झिकाला निष्प्रभ करणाऱ्या अँटीबॉडी आढळल्या होत्या. १९५४ मध्ये ते प्रसिद्धही झालं. पण त्या खरंच झिकाच्या की त्याच्या एखाद्या चुलतभावाच्या, हा प्रश्न तिथेही उरतोच. म्हणजे यापच्या डॉक्टरांना जी अडचण आली, ती जुनीच आहे.

लॉग पुरेसे नव्हते

विषाणूचं नाव कळलं. आता पुढचा प्रश्न, साथ किती मोठी आहे?

सीडीसीची टीम यापला पोचली. तिथल्या आरोग्य खात्याच्या लोकांना बरोबर घेऊन त्यांनी आधी सोपं काम केलं. हॉस्पिटल आणि आरोग्य केंद्रांत आलेले संशयित पेशंट मोजले, १८५. त्यांच्या रक्ताच्या तपासण्या केल्या. ४९ जणांना नक्की झिका, आणखी ५९ जणांना बहुधा झिका. मिळून १०८.

सात हजारांत १०८, म्हणजे दीड टक्का. रिपोर्ट लिहून, विमान पकडून घरी जाता आलं असतं. कोणी मेलेलं नाही, झिकामुळे कुणाला हॉस्पिटलमध्ये भरती करावं लागलेलं नाही. छोटी साथ, सौम्य आजार, विषय संपला.

पण ते थांबले. का थांबले, हे मला या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

विचार करा, हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये कोण येतं? ज्याला त्रास झाला तो. त्रास झालेल्यांपैकी ज्याला वाटलं की डॉक्टरकडे जावं तो. त्यातही ज्याला जाणं जमलं तो. दोन दिवस अंग दुखलं आणि घरीच पडून राहिलेला माणूस रजिस्टरमध्ये नाही. ज्याला काहीच झालं नाही पण रक्तात विषाणू फिरून गेला, तो तर नाहीच नाही. आणि डास काही रजिस्टर बघून चावत नाही. बिनलक्षणाच्या माणसाकडूनही तो विषाणू उचलू शकतो.

मग टीमने दारोदार जायचं ठरवलं. बेटावर १,२७६ घरं होती. त्यातली २०० घरं रँडम निवडली. हा शब्द आपण उगाच कुठेही वापरतो. इथे त्याचा अर्थ नेमका आहे: कोणतं घर निवडायचं हे माणसाने ठरवायचं नाही, चिठ्ठीने ठरवायचं. रस्त्यालगतचं म्हणून नाही, ओळखीचं म्हणून नाही, तिथे कुणी आजारी आहे असं ऐकलं म्हणूनही नाही. एकदा का आपण सोयीची घरं निवडायला लागलो की परत हॉस्पिटलच्या रजिस्टरसारखाच अर्धवट हिशोब.

निवडलेल्या घरांत जाऊन त्यांनी लोकांना विचारलं, गेल्या काही महिन्यांत पुरळ, ताप, सांधेदुखी, डोळे लाल, असं काही झालं का? आणि रक्त मागितलं. ५५७ लोकांनी दिलं.

४१४ जणांच्या रक्तात झिकाच्या अँटीबॉडी होत्या. ५५७ पैकी ४१४!

हिशोब मांडल्यावर आकडा आला तो असा: बेटावरच्या तीन वर्षांवरच्या ६,८९२ लोकांपैकी सुमारे ५,००५ जणांना लागण होऊन गेली होती. ७३ टक्के. रजिस्टरमध्ये १०८ आणि प्रत्यक्षात पाच हजार. नोंद झालेल्या एका माणसामागे नोंद न झालेली पंचेचाळीसच्या आसपास माणसं.

एक वजाबाकी

इथे त्यांनी एक साधी पण हुशारीची गोष्ट केली. ज्यांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या त्यातल्या ३८ टक्के लोकांनी सांगितलं, हो, मला असा त्रास झाला होता. म्हणजे झिका झालेले ३८ टक्के लोक आजारी पडतात, असं म्हणायचं का?

त्यांनी उरलेल्या १४३ जणांनाही तोच प्रश्न विचारला होता, ज्यांच्या रक्तात झिकाचा मागमूस नव्हता. त्यातलेही १९ टक्के म्हणाले, मलाही झालं होतं. साहजिक आहे. अंग दुखायला, पुरळ यायला जगात हजार कारणं आहेत.

म्हणजे तेवढा त्रास तसाही होणारच होता. तो वजा करायला हवा. वजा केला की उरतं ते असं: झिकाची लागण झालेल्या साधारण पाचातल्या एकालाच झिकामुळे त्रास होतो. बेटावर असे सुमारे ९०० लोक असावेत असा त्यांचा अंदाज निघाला.

आता हे तीन आकडे एकाखाली एक ठेवा. लागण पाच हजारांना. आजारी पडले नऊशे. कागदावर आले १०८. प्रत्येक पायरीला चाळणी, आणि आपल्या हातात शेवटच्या चाळणीत उरलेलं.

आणखी एक गंमत. हॉस्पिटलच्या यादीत बायका जास्त होत्या, साधारण ६१ टक्के. नुसती यादी बघून कोणीही म्हटलं असतं की हा आजार बायकांना जास्त होतो. पण दारोदार जाऊन घेतलेल्या रक्तात पुरुषांमधलं लागणीचं प्रमाण उलट थोडं जास्तच निघालं. म्हणजे ती यादी सांगत होती डॉक्टरकडे कोण आलं ते. आपण वाचलं असतं भलतंच.

टीमने डासही शोधले. भेट दिलेल्या घरांपैकी ८७ टक्के घरांत किंवा अंगणात डासांच्या अळ्या असलेलं निदान एक तरी पाण्याचं भांडं सापडलं. त्यातला सगळ्यात जास्त सापडलेला डास म्हणजे एडिस हेन्सिली, आपल्याकडच्या डेंग्यूच्या डासाचा भाऊबंद. संशय त्याच्यावरच. पण पकडलेल्या एकाही डासात विषाणू सापडला नाही आणि टीमने ते तसंच लिहून टाकलं. आरोपी माहीत आहे, पुरावा हातात नाही. हे मोकळेपणाने लिहिणं मला आवडलं. आमच्याकडे बिघाडाचे रिपोर्ट लिहिताना बरेचदा उलटं होतं. पुरावा मिळाला नाही तरी कुणाच्या तरी माथी मारून तिकीट बंद करतात.

जुलैपर्यंत साथ ओसरली. चावायला नवीन माणसंच फारशी उरली नव्हती.

सौम्य आजार?

गोष्ट इथे संपली असती तर मी हा भाग केला नसता.

यापच्या तपासातून जगाला झिकाबद्दल जे कळलं ते थोडक्यात असं: झपाट्याने पसरतो, पण आजार सौम्य, काही दिवसांत बरा होतो. मिळालेल्या माहितीवरून तेच म्हणता येत होतं.

मग २०१३ मध्ये हाच विषाणू फ्रेंच पॉलिनेशियात पोचला. तिथली वस्ती पावणेतीन लाखांच्या घरात. आणि तिथे ४२ लोकांना गुलियन बारे सिंड्रोम झाला. हो, तोच जीबीएस, जो २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात घराघरांत पोचला. पुण्यातलं कारण वेगळं होतं, पण हातापायातली ताकद जाणं तेच.

२०१५ मध्ये झिका ब्राझीलमध्ये पसरला. वर्ष संपता संपता तिथल्या ईशान्य भागातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की डोकं खूपच लहान असलेली बाळं जन्माला येतायत. मायक्रोसेफली. त्या बाळांच्या मेंदूची वाढच नीट झालेली नव्हती. १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. नंतर फ्रेंच पॉलिनेशियाच्या जुन्या नोंदी परत उघडल्या, तर तिथेही अशी बाळं सापडली. पहिल्या तीन महिन्यांत लागण झालेल्या आईच्या बाळाला हा धोका साधारण शंभरात एक, असा अंदाज तिथल्या आकड्यांवरून निघाला.

मग यापमध्ये हे का दिसलं नाही? चला, आपणच हिशोब करू. सात हजारांच्या वस्तीत वर्षाला दीडशे-दोनशे बाळंतपणं धरा. म्हणजे एका वेळी पहिल्या तीन महिन्यांत असलेल्या बायका चाळीस-पन्नास. त्यातल्या तीन चतुर्थांश जणींना लागण झाली असं धरलं, तर तीस-पस्तीस. आणि धोका शंभरात एक. बहुतेक एकही केस नाही. जीबीएसचं तेच. फ्रेंच पॉलिनेशियाच्या अंदाजाप्रमाणे दहा हजार लागणींमागे दोन-तीन केस. यापच्या पाच हजारांत एखादी, आणि एकच केस असली तर तिचा संबंध साथीशी कोण जोडणार?

म्हणजे टीम चुकली नाही. त्यांनी नेमकं मोजलं. पण सात हजार माणसांच्या बेटावर शंभरात एक, हजारात एक असं नुकसान दिसूच शकत नव्हतं. दोष आपला, कारण "दिसलं नाही" हे वाक्य आपण "नाही" असं वाचलं. आणि त्याची किंमत मोजली ती ब्राझीलमधल्या त्या आयांनी आणि बाळांनी.

माझ्या कामात असंच होतं. शंभर युजरवर टेस्ट केली, काही फुटलं नाही, चला लाइव्ह करू. दहा लाख युजरवर गेलं की हजारात एकदा होणारा बग रोज हजार जणांना होतो.

दार उघडायची गोष्ट

आता घरची गोष्ट सांगतो, जरा लाज वाटते तरी.

महाराष्ट्रात झिकाचा पहिला पेशंट सापडला तो जुलै २०२१ मध्ये, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात. गावात तापाचे पेशंट वाढले होते. बरेच जण चिकनगुनियाचे निघाले. एनआयव्हीने आणखी नमुने तपासले तेव्हा त्यात एका बाईंना झिका निघाला. चिकनगुनिया सापडलाय, बास, असं म्हणून थांबले असते तर तो दिसलाच नसता. म्हणजे यापचाच धडा.

मग २०२४ च्या जूनपासून पुणे शहरात पेशंट सापडायला लागले. त्यात गरोदर बायकाही होत्या. त्याच जुलैमध्ये माझी वहिनी आमच्याकडे राहायला आली होती. तिला तिसरा महिना होता. एका दुपारी बेल वाजली. महापालिकेच्या दोन ताई, कुंड्या आणि पाण्याची भांडी बघायला आलेल्या. मी मीटिंगमध्ये होतो. कानात हेडफोन तसाच ठेवून म्हणालो, "आमच्याकडे काही नाही, ताई, सगळं स्वच्छ आहे." आणि दार लावून घेतलं.

आठवड्याने त्या परत आल्या. या वेळी आईने दार उघडलं. त्यांनी बाल्कनी बघितली, मग म्हणाल्या, "फ्रिजच्या मागचा ट्रे काढा जरा." ट्रेमध्ये बोटभर पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. वहिनी तिथेच उभी होती. कोणी काही बोललं नाही. ताईंनी ट्रे ओतला, घासायला लावला, वहीत लिहिलं आणि पुढच्या घरी गेल्या.

वहिनीला काही झालं नाही, बाळ छान आहे, आता घरभर रांगतंय. पण यापबद्दल वाचताना मला त्या ५५७ लोकांचं कौतुक वाटलं ते यामुळे. परकी माणसं दारात येतात, तुम्ही धडधाकट असता, आणि ती तुमचं रक्त मागतात. तरी दार उघडायचं आणि हात पुढे करायचा. त्यांनी नाही म्हटलं असतं तर ७३ टक्के हा आकडा आज कुणालाच माहीत नसता. मी मात्र "आमच्याकडे काही नाही" म्हणालो होतो, न बघता.

तर जाता जाता कामाच्या गोष्टी. आठवड्यातून एक दिवस ठरवा. कुंडीखालच्या ताटल्या, कूलर, फ्रिजचा ट्रे, पिंप, सगळं रिकामं करा. नुसतं ओतू नका, घासा. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे फक्त रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही. घरात कुणी गरोदर असेल आणि तिला ताप किंवा पुरळ आलं, तर अंगावर काढू नका, डॉक्टरकडे जा. आणि एक गोष्ट बोलायला लोक लाजतात म्हणून मीच बोलतो: झिका शारीरिक संबंधांतूनही पसरतो. साथ असेल आणि जोडीदार गरोदर असेल, तर कंडोम वापरा.

आणि बेल वाजली तर हेडफोन काढा. आत येऊन बघू द्या त्यांना.

बास, आज एवढंच. तुमच्या घरात कुठे अळ्या सापडल्या ते मला जरूर कळवा, फ्रिजच्या मागे बघायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.